मुक्या मालिकेचे संवाद

मार्च लागला की माझं डोकं तडकतं. उन्हामुळे नाही, ऊन बोरीवलीला काही नवीन नाही. नॅशनल पार्कच्या भिंतीपलीकडे सावर लाल होते, आमच्या गच्चीवरून ती दिसते, भर दुपारी तिची जाड फुलं रस्त्यावर थपाथप पडतात, हे सगळं मला आवडतं. डोकं तडकतं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे लिफ्टच्या दारावर लागणारी चिठ्ठी: ‘परीक्षा सुरू आहेत, शांतता राखा.’ यंदा ती तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी लावली आहे. त्यांचा मुलगा दहावीला आहे, आणि त्या स्वतः जिन्यात उभ्या राहून फोनवर इतक्या मोठ्याने बोलतात की त्या पोराला भूगोलाऐवजी आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन पाठ झालं असेल. दुसरी गोष्ट म्हणजे मोबाईलवर येणारे ते लाडिक निरोप. ‘आठवतात का ते सोनेरी दिवस? एकच चॅनल, पण केवढं सुख!’ सोबत लाकडी शटरच्या टीव्हीचं चित्र आणि हात जोडलेले.

डोंबलाचं सुख. ज्यांना त्या दिवसांचं एवढं कौतुक आहे ते त्या घरांमध्ये पाहुणे म्हणून राहिले असावेत. मी त्यातल्या एका घरात राहत होते, अजून तिथेच राहते, आणि त्या शटरच्या टीव्हीची किल्ली कुणाकडे असायची ते मला पक्कं माहीत आहे. ऐंशीच्या दशकातला टीव्ही हा घरात बसवलेला एक जादा वडील होता. तो कधी बोलणार, किती बोलणार, कुणासमोर बोलणार, हे खरे वडील ठरवत. बाकीच्यांनी गप बसायचं.

आमचे बाबा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. स्क्रू, बेअरिंग, ग्रीसचे डबे, सगळं कुलपात ठेवायचं आणि सही घेतल्याशिवाय कुणाला काही द्यायचं नाही, हे त्यांचं काम. घरीही ते हेच करत. साखर, रेशनकार्ड, माझं प्रगतिपुस्तक, आईच्या माहेरची पत्रं, सगळं त्यांच्या कपाटात. मी दहावीला गेले आणि पूर्वपरीक्षेत गणितात आपटले, त्या जानेवारीत त्यांनी परीक्षेचा हंगाम जाहीर केला. टीव्ही बंद करायचा तर त्यांनाही तो बघता येणार नाही, आणि ते त्यांना जमणारं नव्हतं. मग त्यांनी जी युक्ती काढली तिचं त्यांना इतकं कौतुक होतं की मरोळला सगळ्या खात्यात त्यांनी ती सांगितली. त्यांनी टीव्हीचं आवाजाचं बटण उपटलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. चित्र चालू, आवाज शून्य. ‘पोरीला त्रास नको,’ ते म्हणाले. ते बटण त्यांच्यासोबत रोज मरोळला जाऊन परत येत असे.

त्याच दिवशी त्यांनी आईच्या शिवणयंत्रावर चादर टाकली. यंत्राची खडखड अभ्यासात व्यत्यय आणते म्हणून. आई शेजारपाजारच्या साड्यांना फॉल लावून द्यायची, ब्लाऊज शिवायची, दोन वर्षांपूर्वी तिने शिवणाचा डिप्लोमाही केला होता. त्या जानेवारीपासून ती हाताने फॉल लावायला लागली. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं तर बरंच वाटलं, घर गार पडल्यासारखं शांत झालं. पंधरा वर्षांची मुलगी म्हणजे काय लायकीची असते, हे इथेच सांगून टाकते म्हणजे पुढे कुणाला आश्चर्य वाटायला नको.

माझा अभ्यास स्वयंपाकघरात. ओट्याखाली पाट, पाटावर अपेक्षित प्रश्नसंच, दार लोटलेलं. लोटलेल्या दाराला बिजागरीच्या बाजूने बोटभर फट होती आणि त्या फटीतून बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीचा उजवा अर्धा भाग दिसायचा. डाव्या अर्ध्या भागावर बाबांचं टक्कल. दर मंगळवारी संध्याकाळी एक मराठी मालिका लागायची, तेरा भागांची, तेव्हा सगळ्याच तेरा भागांच्या असत. तिचं नाव मी कधी वाचू शकले नाही, कारण नाव नेमकं टकलामागे जायचं. एक टेबल दिसायचं, त्यावर घड्याळ. टेबलाशी एक म्हातारा, मिशा पडलेल्या, कपाळाला आठ्या. आणि त्याच्यासमोर उभी राहणारी एक बाई, सुती साडीतली, लांब वेणीची. ती बोलायची तेव्हा तिच्या गळ्याची शीर ताणलेली दिसायची. एकदा तिचे डोळे भरून आले होते आणि तिने एक पाकीट टेबलावर आपटलं होतं. आवाज नव्हता, पण मी प्रश्नसंच मिटला होता.

आता मंगळवारी काय झालं हे बुधवारी सकाळी कळायचं. बाबा पावणेआठला निघाले की मी चपात्या लाटायला बसायची, आई भाजायची. वाचनाची सुट्टी होती, शाळा नव्हती.

‘काय झालं गं काल?’ मी विचारायची.

‘हळू बोल गो, शेजारी आयकतत,’ आई म्हणायची. आई मालवणची. इथे येऊन सतरा-अठरा वर्षं झाली होती तरी घरात ती मालवणीच बोलायची. पहिल्याच बुधवारी मी विचारलं होतं की आवाज नसताना तुला कसं कळतं. ती म्हणाली, ‘नायकांचो टीव्ही भितीतसून आयकाक येता माका.’ ते खरं होतं. पलीकडे नाईक राहायचे, त्यांचा टीव्ही मोठा असायचा आणि आई मंगळवारी मुद्दाम त्या भिंतीला पाठ टेकून फॉल लावत बसायची. बाबा आरामखुर्चीत खोलीच्या मध्यभागी, त्यांना काही ऐकू यायचं नाही. ते तोंडं हललेली बघायचे आणि ‘चेहऱ्यावरून सगळं कळतं’ म्हणायचे. कधीकधी आई मध्येच खुदकन हसायची. ‘हसायला काय झालं?’ बाबा विचारायचे. ‘काय नाय,’ आई म्हणायची. मला तिचा राग यायचा. ती बिचारी बाई टेबलापाशी डोळे पुसतेय आणि हिला हसू येतंय.

पहिले तीन-चार भाग आईने उरकल्यासारखे सांगितले. सासरा चिडका आहे, सून समजूतदार आहे, नेहमीचंच घरगुती. फेब्रुवारी लागला आणि कथा एकदम पेटली. एका बुधवारी आईने तव्यावरची चपाती उलटली आणि म्हणाली, त्या बाईला एक पत्र आलंय. नोकरीचं. सासऱ्याने ते फोडलं आणि आपल्याजवळ ठेवून घेतलं. आता आई त्या बाईचे संवाद सांगताना मालवणी सोडायची, अगदी टीव्हीसारखी शुद्ध बोलायची, त्यामुळे मला वाटायचं मी प्रत्यक्ष ऐकतेय. ‘ती म्हणाली,’ आई म्हणाली, ‘पाकिटावर माझं नाव होतं. तुम्ही का फोडलंत?’

माझं लाटणं थांबलं. पंधरा वर्षांत असं वाक्य मी कुणा बाईच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आमच्या सोसायटीतल्या बायका भांडायच्या, कचऱ्यावरून, पाण्यावरून, एकमेकींशी. नवऱ्याशी किंवा सासऱ्याशी भांडताना त्या रडायच्या, माहेरचा उद्धार झाला म्हणून डोकं धरून बसायच्या. हे म्हणजे सरळ समोर उभं राहून विचारणं होतं. मी ते वाक्य प्रश्नसंचाच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

पुढच्या बुधवारी सासरा म्हणाला होता, आत्ता नको, मार्चनंतर बघू. ‘मग ती काय म्हणाली?’ मी विचारलं. ‘ती म्हणाली, मार्चनंतर जागा राहील का? जागा माझ्यासाठी थांबून राहते का? थांबते ती मीच.’ त्याच्या पुढच्या बुधवारी ती म्हणाली होती, ‘माझ्या हाताचं काम सगळ्यांना लागतं, फक्त त्याचा आवाज नको असतो.’ मी भारावून जायची. लवकर उकललेल्या बोंडांतला सावरीचा कापूस खिडकीतून आत यायचा, कणकेवर बसायचा, आई तो चिमटीने उचलून टाकायची आणि पुढचं वाक्य सांगायची. त्या हंगामात मी काय शिकले असं कुणी विचारलं तर गणित नक्कीच नाही. मी त्या बाईची वाक्यं शिकले.

आणि ती वापरली. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या नावाचं एक पत्र आलं, एका नोकरीच्या लेखी परीक्षेचं बोलावणं. संध्याकाळी घरी आले तर ते उघडं, बाबांच्या हातात. ते वाचून दाखवत होते, माझंच पत्र मला. मी चप्पलही काढली नव्हती. म्हटलं, ‘पाकिटावर माझं नाव होतं. तुम्ही का फोडलंत?’

बाबांचा चेहरा असा उतरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. त्यांनी माझ्याकडे नाही, आईकडे पाहिलं. आईने गॅस बंद केला, भाजी अर्धीच शिजली होती.

‘हे कुठून शिकलीस?’ बाबांनी विचारलं.

‘टीव्हीवर होतं. माझ्या दहावीच्या वेळी.’

‘टीव्हीवर?’ बाबा म्हणाले, आणि मग मोठ्याने हसले, सुटल्यासारखे. ‘म्हणून सांगतो, ते खोकं डोकी फिरवतं.’ पण पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं आणि पुन्हा कधी माझं पाकीट फोडलं नाही. मला ती नोकरी लागली. पुढे कचेरीत साहेबाने माझ्या टिपणावर स्वतःची सही ठोकली तेव्हा त्याच सुरात त्यालाही विचारलं. लग्न मोडलं तेव्हाही त्या बाईची दोन-तीन वाक्यं हाताशी होती. माझा कणा म्हणून जे काही आहे ते कुठल्यातरी लेखकाने एका मंगळवारसाठी लिहून दिलेलं आहे, असं मी मानत आले. त्या लेखकाचं नाव मला हवं होतं. तो हयात असेल तर त्याच्या पायावर डोकं ठेवायचं होतं, आणि मी सहसा कुणाच्या पाया पडत नाही.

म्हणून निवृत्तीनंतर मी जुन्या टीव्हीच्या वेड्यांच्या एका समूहात मोबाईलवरून शिरले. हजारभर माणसं, सगळ्यांना सगळं आठवतं. बातम्या वाचणाऱ्या कुठल्या बाईने कुठल्या रंगाचं फूल माळलं होतं यावर दोन दिवस हाणामारी. मी माझी मालिका सांगितली: मंगळवार, तेरा भाग, स्त्रीच्या आत्मसन्मानाची गंभीर कथा, हा हा संवाद. उत्तरं आली ती अशी. ‘बाई, तुम्ही नाटक पाहिलं असेल.’ ‘स्वप्नात पाहिली असेल, हाहाहा.’ एकाने सांगितलं की रविवारी दुपारी लागणाऱ्या परभाषेतल्या सिनेमांपैकी एखादा असेल. मी काय आंधळी आहे? मी एकेकाला असं काही उत्तर दिलं की मला दोनदा समूहातून काढलं आणि दोनदा मी दुसऱ्या नावाने परत गेले.

सगळ्यात जास्त राग मला कर्णिकांचा. अंधेरीचे हे कर्णिक म्हणजे समूहाचे सर्वज्ञ. तरुणपणापासून त्यांनी रोजच्या वर्तमानपत्रातली कार्यक्रमांची चौकट कापून वह्यांत चिकटवलेली आहे, आणि कुणी काही म्हटलं की त्या वह्यांचा दाखला देतात. त्यांनी मला लिहिलं, ‘अशी मालिका झालीच नाही. आपली गल्लत होते आहे, बाई.’ पुन्हा बाई. नाकाने कांदे सोलणारा माणूस. मी लिहिलं, ‘तुमच्या वह्यांत नाही म्हणजे जगात नाही का?’ महिनाभर आमचं हे चाललं. शेवटी त्यांनी फोन केला, बहुधा मला गप करायला.

‘तो संवाद सोडा,’ ते म्हणाले. ‘चित्रात काय दिसत होतं ते सांगा. टेबल कसलं? घड्याळ कुठल्या बाजूला?’

‘संवाद का सोडू? तेच तर महत्त्वाचं आहे.’

‘कारण संवाद लोक घरच्या घरी बदलतात हो. टेबल कुणी बदलत नाही. सांगा ना, काय यार, मी भांडायला फोन केलेला नाही.’

मी सांगितलं. टेबल, घड्याळ, पडलेल्या मिशा, लांब वेणी. बराच वेळ वह्यांची पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. मग कर्णिक म्हणाले, ‘तुमचं वर्णन एका मालिकेशी जुळतंय हो. पण एक घोळ आहे. तुम्ही येऊनच बघा. माझ्या मेव्हण्याने त्यातले दोन भाग टेप केले होते.’

अंधेरी पश्चिमेला, बाजारामागच्या गल्लीत त्यांचं घर. भिंतभर कॅसेटी, प्रत्येकीवर बारीक अक्षरात चिठ्ठी. माणूस प्रत्यक्षात बुटका आणि भित्रा निघाला, समूहातला वाघ घरात चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरत होता. मला त्याची दया आली नाही. ‘लावा,’ मी म्हटलं.

टेप सुरू झाली. चित्र थरथरलं, स्थिर झालं. तेच टेबल. तोच म्हातारा. उजवा अर्धा भाग मला पाठ होता, डावा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. डाव्या भागात एक तरुण मुलगा होता, खुळचट चेहऱ्याचा, आणि तो कांदा चिरत होता. परातभर कांदा. म्हाताऱ्याने काहीतरी म्हटलं आणि टीव्हीतून माणसांच्या हसण्याचा मोठा आवाज आला. मी कर्णिकांकडे पाहिलं.

‘विनोदी आहे,’ ते म्हणाले, जणू त्यांचाच गुन्हा. ‘धाकट्या दिराचं लग्न जमत नाही, त्यावरून सगळी धमाल. हाच तो घोळ. म्हणून आम्हाला कुणालाच कळेना.’

मग ती आली, लांब वेणीची. कांद्याने तिचे डोळे भरून आले होते. तिने ते पाकीट टेबलावर आपटलं, मी चाळीस वर्षं मनात जपलेलं ते पाकीट, आणि गळ्याची शीर ताणून म्हणाली, ‘मामंजी, मुलीची पत्रिका आली! छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले! आता तरी त्या खुर्चीतून उठा!’ आणि हशा. लोक खदखदून हसत होते. मी दुसरा भागही बघितला. सासरा चिडका, सून समजूतदार, इथवर आईने सांगितलेलं बरोबर होतं. नोकरी नव्हती. मार्च नव्हता. पत्र फोडलेलं कुठेच नव्हतं.

‘लेखकाचं नाव हवं होतं ना तुम्हाला?’ कर्णिकांनी विचारलं. ‘शेवटी पाटी येते.’

‘नको,’ मी म्हटलं आणि उठले. त्यांनी काय केलं होतं म्हणून मी त्यांच्याशी इतकं तुसडेपणाने वागले ते मला सांगता येणार नाही. त्यांनी जिन्यापर्यंत येऊन विचारलं, ‘चुकीची होती का?’ मी म्हटलं, ‘तुमची वही बरोबर आहे.’

रिक्षात बसल्यावर मला पहिल्यांदा आईचं ते खुदकन हसणं नीट ऐकू आलं. ती हसत होती कारण तिला भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. तिला पूर्ण ठाऊक होतं की हा सगळा कांद्याचा आणि पत्रिकेचा पोरखेळ आहे. तरी बुधवारी सकाळी तव्यापाशी बसून ती मला भलतंच सांगत होती, शुद्ध मराठीत, दुसऱ्या बाईच्या नावावर. का, हे मला जोगेश्वरी यायच्या आत कळलं होतं, तरी मी शैलामावशीला फोन केला. आई आता नाही; मावशी तिची धाकटी बहीण, मुलुंडला असते.

‘मावशी, आईला कधी नोकरीचं पत्र आलं होतं का?’

मावशीची मालवणी मुलुंडला राहून अर्धीच उरली आहे. ‘अगो, इलां होतां की,’ ती म्हणाली. ‘कांदिवलीच्या शाळेचां. शिवणाच्या बाई म्हणून. मुलाखतीला बोलावलं होतं. तुझ्या बापसान फोडल्यान आणि ठेवून दिल्यान. पोरीची दहावी आहे, मार्चनंतर बघू म्हणे. मार्चनंतर काय, जागा भरली त्यांनी. तुला माहीत नाही? तू तर घरातच होतीस.’

मी घरातच होते. बिजागरीच्या फटीला डोळा लावून बसले होते आणि माझ्यामागे ओट्यापाशी काय चाललंय ते मला दिसलं नाही.

बाबा आता सत्त्याऐंशीचे आहेत. खुर्चीत बसून दिवसभर टीव्ही लावतात, आणि कान गेल्यामुळे तो अख्ख्या सोसायटीला ऐकू जातो. मी आत गेले आणि बटण दाबून टीव्हीचा आवाज शून्यावर नेला. ते चिडले. ‘आवाज का बंद केलास?’

मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडले, ‘आईचं शाळेचं पत्र तुम्ही का फोडलं होतंत?’

त्यांना ऐकू आलं. आलं ते मला कळलं, कारण त्यांनी ‘कुठलं पत्र’ असं विचारलं नाही. त्यांनी रिमोट मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाले, ‘तुझ्यासाठीच ना. दहावीचं वर्ष होतं. आई घराबाहेर आणि पोरगी एकटी, अभ्यास कुणी घ्यायचा?’

‘मी अभ्यास करत नव्हते,’ मी ओरडले. ‘मी दाराच्या फटीतून तुमचा टीव्ही बघत होते. सगळे भाग.’

जिन्यात कुणीतरी दार उघडून बघितलं असावं. लिफ्टच्या चिठ्ठीवाल्या बाईच असणार. हिच्यावर केलेला खर्च वाया गेला, अशा नजरेने बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘तुझ्या आईने कधी तक्रार केली नाही.’ मी त्यांना माफ केलेलं नाही. ते म्हातारे आहेत, त्यांना आंघोळ घालते, गोळ्या देते, भात मऊ करून घालते. माफी त्यात येत नाही. परीक्षांचे दिवस, पोरांचं भलं, घराची शांतता, या नावांखाली या घरांमधून काय काय दाबलं गेलं त्याचा हिशेब कुठल्या समूहात कुणी विचारत नाही, सगळ्यांना शीर्षकगीतं आठवतात.

पण बाबांवर चिडणं सोपं आहे, आयुष्यभराचा सराव आहे. आईला तेव्हा हे कुणाला तरी सांगायचं होतं, बाबांना सांगून उपयोग नव्हता, आणि ज्या माणसाला सांगितलं तर ऐकेल असं तिला वाटलं ती मी होते. तिने मला खरं नाव घालून सांगितलं असतं तर मी पुस्तक मिटून ‘आई, आत्ता नको गं, पेपर आहे’ म्हटलं असतं. ते तिला माहीत होतं. म्हणून तिने मला आवडतं त्यात घालून दिलं. आठवड्यातून एकदा.

शेवटचा भाग झाला तो माझा भूमितीचा पेपर संपल्यानंतरच्या मंगळवारी. बुधवारी सकाळी मी न सांगता लाटायला बसले. ‘बोल,’ मी म्हटलं. ‘गेली ना ती नोकरीला?’

आई तव्याकडे बघत होती. ‘नाही,’ ती त्या बाईच्या शुद्ध मराठीत म्हणाली. ‘ती राहिली घरीच. जागा भरली होती.’

‘म्हणजे? एवढं सगळं बोलून?’ मी लाटणं आपटलं. ‘सासऱ्याला काहीच नाही केलं तिने? नुसती बसली? भित्री मेली. तेरा आठवडे फुकट घालवले माझे. नुसती बडबड करायची आणि शेवटी चपात्याच लाटायच्या, असल्या बायका मला जराही आवडत नाहीत.’

आईने चपाती तव्यावरून काढली, तूप लावलं, माझ्या ताटात ठेवली. मी रागातच ती खाल्ली.

‘शेवट माका पण आवडाक नाय गो,’ ती म्हणाली.